सहात एक चढ आणि २५ फुटी ट्रेलर

पत्र

नमस्कार. आम्ही पिट्सबर्गच्या बाहेर एका टेकडीवर राहतो. रस्त्यावरून गॅरेजकडे येणारा ड्राइव्हवे सरळ आहे, पण ४८ फुटांत ८ फूट चढतो. वर गॅरेजसमोर २२ फुटांचं सपाट काँक्रीट आहे. मुलं आठ आणि पाच वर्षांची. दर उन्हाळ्यात तंबू ठोकून कंटाळलो, म्हणून २५ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर पसंत केला आणि इसारही भरला. तो परत मिळू शकतो. ओढायला फोर-व्हील ड्राइव्हचा पिकअप आहे. ह्यांचं म्हणणं, शेजाऱ्यांची बोट अशाच चढावर पाच वर्षं उभी आहे, मग आपला ट्रेलर का नाही? इंग्लंडमधले दीर म्हणतात, हँडब्रेक ओढला की झालं. मे महिन्यात साताऱ्याहून सासू-सासरे येणार आहेत, त्यांची झोपायची सोय ट्रेलरमध्ये करावी असंही मनात आहे. मला मात्र तो चढ बघून धडकी भरते. मी उगाच घाबरतेय का?
— टेकडीवरची

उत्तर

प्रिय ताई,

उगाच नाही. तुमची भीती अगदी योग्य जागी आहे. आणि तुम्ही चढ मोजून पाठवलात हे फार चांगलं केलंत. मला येणाऱ्या पत्रांत बहुतेक वेळा ‘जरा स्टीप आहे’ एवढंच लिहिलेलं असतं आणि त्या ‘जरा’वर काहीच सांगता येत नाही.

४८ फुटांत ८, म्हणजे सहात एक. टक्क्यांत जवळपास १७, अंशांत साडेनऊ. पिट्सबर्गच्या माणसाला हे विशेष वाटत नाही, कारण तुमच्या शहरातल्या बीचव्ह्यू भागात कँटन अव्हेन्यू नावाचा ३७ टक्के चढाचा रस्ता आहे आणि तिथेही माणसं राहतात. रोज बघून डोळा सरावतो. पण ट्रेलरचं गणित वेगळं असतं. सामान भरलेला २५ फुटी ट्रेलर ६,००० पौंडांचा धरा. तुमच्या चढावर तो उभा राहिला तर साधारण हजार पौंडांचा, म्हणजे साडेचारशे किलोंचा रेटा सतत रस्त्याच्या दिशेने लागणार. तुम्ही झोपलेल्या असताना, पावसात, ओल्या पाचोळ्यावरही.

हा रेटा कोण अडवणार? दीर सांगतात ते त्यांच्याकडे खरं आहे. इंग्लंडमधल्या, युरोपातल्या कॅरॅव्हॅनच्या दांड्यावर, म्हणजे गाडीला जोडतात त्या पुढच्या दांड्यावर, हँडब्रेक असतो. अमेरिकेतल्या ट्रॅव्हल ट्रेलरला तो साधारणपणे नसतो. इथल्या ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालतात आणि ती वीज ट्रकमधून वायरीने येते. वायर काढली की चाकं मोकळी. दांड्यावर एक छोटी पिन असते, ब्रेकअवे स्विचची. ट्रेलर धावता धावता ट्रकपासून सुटलाच तर ती खेचली जाते आणि ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लागतात. ट्रेलर उभा करताना काही जण हीच पिन मुद्दाम ओढून ठेवतात. कृपा करून तसं करू नका. बॅटरी उतरली की ब्रेक सुटतो आणि तो कधी सुटला हे तुम्हाला घसरल्यावरच कळतं.

म्हणजे हाती उरतात ते फक्त चाकाखालचे ठोकळे, ज्यांना इथे चॉक म्हणतात. घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर सगळ्यात आधी उडी मारून चाकामागे दगड लावतो, हे आपण लहानपणापासून पाहिलंय. ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून बसलेला असतानाही तो दगड लावतो. तुमच्या चढावर तर सीटवर ड्रायव्हरच नसणार, सगळी मदार त्या दगडावर.

शेजाऱ्यांच्या बोटीचं वजन किती, ती कुठल्या बाजूने कशी अडकवली आहे, हे आपल्याला ठाऊक नाही. तिचा दाखला इथे लागू पडत नाही, एवढं तुमच्या यजमानांना माझ्यातर्फे सांगा.

माझा नियम एकच आहे: चाकं चढावर असताना ट्रेलर ट्रकपासून सोडायचा नाही. हा नियम मला फुकट मिळालेला नाही. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या ड्राइव्हवेवर आम्ही ट्रेलर सोडत होतो. चढ तुमच्याहून कमी, दहात एक. चाकांना दोन चॉक लावलेले, दोन्ही एकाच बाजूच्या चाकाला. मी जॅकने दांडा उचलला, कपलर, म्हणजे दांड्याच्या टोकाची वाटी, हिचच्या म्हणजे ट्रकमागच्या जोडाच्या गोळ्यावरून सुटला आणि ट्रेलर वीतभर खाली सरकला. जेमतेम वीतभर. पण तेवढ्यात जॅकचा पाय तिरका होऊन लाकडावरून निसटला आणि कपलर ट्रकच्या बंपरवर आदळला. बंपरला बोटभर खोल खाच पडली. माझ्या बायकोने साखळी काढण्यासाठी त्याच जागी हात घातला होता आणि क्षणभर आधी मागे घेतला होता. ती खाच आम्ही दुरुस्त केली नाही. आजही दर वेळी ट्रेलर सोडताना मी आधी तिच्याकडे बघतो.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट. ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे: वरची २२ फूट सपाटी.

तुम्हाला वाटतं २५ फुटी ट्रेलर २२ फुटांत मावत नाही, म्हणून तो चढावरच ठेवावा लागणार. पण बघायचं असतं चाकांचं. कपलरपासून चाकांच्या जोडीच्या मध्यापर्यंत १६ फूट आणि चाकांच्या मागे ९ फूट शेपूट असं धरू. तुमच्या ट्रेलरचे नेमके आकडे डीलरकडे टेप लावूनच घ्या. ट्रेलर रिव्हर्समध्ये वर चढवून गॅरेजच्या दारापासून २ फूट अंतर सोडलं, तर चाकं दारापासून ११ फुटांवर येतात, म्हणजे सपाटीच्या ऐन मध्यावर. दांडा तेवढा चढाच्या कडेबाहेर येतो. जॅकचा पाय साधारण ४ फूट उतारावर पडेल आणि तिथली जमीन सपाटीपेक्षा ८ इंच खाली असेल. आठ इंच भरून काढणं लाकडाच्या आडव्या-उभ्या रचलेल्या ठोकळ्यांनी सहज जमतं, फक्त सगळ्यात खालचा ठोकळा उताराच्या तिरपेत कापलेला हवा, म्हणजे जॅकचा पाय सपाट जागी बसेल. याउलट अख्खा ट्रेलर चढावर ठेवून नाक वर करून सपाट करायचा म्हटलं, तर दांडा ३२ इंच उचलावा लागेल. बहुतेक जॅक दीड फुटाच्या आसपास उचलतात. उरलेला सव्वा फूट ठोकळ्यांच्या मनोऱ्यावर तोलायचा, तोही घसरणीवर? नाही.

एक खबरदारी. ‘सपाट’ म्हणता ते काँक्रीट खरंच सपाट आहे का? पाणी गॅरेजात शिरू नये म्हणून अशा जागेला बाहेरच्या बाजूला किंचित उतार देतात. मुलांचा चेंडू दाराशी ठेवा आणि हात काढा. तो रस्त्याकडे निघाला तर ट्रेलरही निघू शकतो. तेव्हा चॉक इथेही हवेतच: रबरी, जड, प्रत्येक बाजूच्या चाकाला पुढून आणि मागून. दोन चाकांच्या मध्ये फिरवून घट्ट बसवतात ते एक्स आकाराचे चॉक डुलणं कमी करायला चांगले, पण खालच्या चॉकच्या बदल्यात नव्हे, त्यांच्या जोडीला.

जागा मिळाली, पण ट्रेलर तिथवर पोचेल का? खरी परीक्षा खाली आहे, रस्ता आणि ड्राइव्हवे जिथे मिळतात तिथे. ट्रेलर उलटा आत येताना त्याची चाकं अजून रस्त्यावर असतात आणि ९ फुटांचं शेपूट आधीच चढावर पोचलेलं असतं. नऊ फुटांत तुमची जमीन १८ इंच वर येते. ट्रेलरच्या मागच्या टोकाला सांडपाण्याचा पाइप, स्टॅबिलायझर म्हणजे उभा ट्रेलर हलू नये म्हणून लावायचे टेकू, आणि बंपर असतात आणि बऱ्याच ट्रेलरमध्ये यातली एखादी वस्तू जमिनीपासून दीड फूटही वर नसते. त्यात रस्त्याकडेला पाण्याची पन्हळ असेल तर चाकं आणखी खाली जाणार. हा पाइप तुटला तर दुरुस्ती खर्चाची आहेच, पण निम्मा आत आणि निम्मा रस्त्यात अडकलेला ट्रेलर, मागे थांबलेल्या गाड्या आणि घाबरलेला ड्रायव्हर, हा त्याहून वाईट प्रसंग.

म्हणून ट्रेलर आणायच्या आधी तो दोरीने उभा करून बघा. शनिवारी सकाळी, रहदारी नसताना. डीलरकडे जाऊन शेपटाची सगळ्यात खालची वस्तू जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. घरी येऊन एका काठीला तेवढ्या उंचीवर दोरी बांधा. चाकं जिथून जातील तिथे रस्त्यावर रांगोळीने किंवा खडूने खूण करा, काठी तिथे धरा आणि दोरी ९ फूट मागे, चढाच्या दिशेने, आडवी ताणा. दोरीवर पातळी बघायचा छोटा लेव्हल टांगला की ती खरंच आडवी आहे का ते कळतं. दोरीचं टोक काँक्रीटला टेकलं तर ट्रेलरही टेकणार. मग काठी एकेक फूट चढाकडे सरकवत पन्हळीतून आणि ड्राइव्हवेच्या सुरुवातीच्या भागातून न्या. दर वेळी टोकाखाली किती इंच उरतात ते लिहा. तीनपेक्षा कमी उरले तर मी तो ट्रेलर त्या चढावर नेणार नाही.

थोडक्यासाठी अडत असेल तर पन्हळीत जाड फळ्या टाकण्याचा उपाय आहे. ट्रेलरची चाकं ३ इंच उचलली गेली तर शेपूट साडेचार इंचांहून थोडं जास्त उचललं जातं, कारण पुढचं टोक हिचला धरलेलं असतं. काम झालं की फळ्या लगेच काढायच्या, पन्हळीतलं पाणी अडवून ठेवायचं नाही. अॅक्सल बदलून अख्खा ट्रेलर उंच करणारेही आहेत, पण त्याने वजनाचा मध्य वर जातो आणि हिचची उंचीही जुळवावी लागते. एका ड्राइव्हवेसाठी मी ते करणार नाही.

वरची कड त्यामानाने सोपी. ट्रेलरची चाकं सपाटीवर आणि ट्रक उतारावर असताना मधल्या भागाखाली जमीन फुगल्यासारखी वर येते, तुमच्याकडे जास्तीत जास्त ८ इंच. जॅक पूर्ण वर घेतलेला आणि पायरी आत ढकललेली असेल तर एवढं बहुधा निभावतं. तीच दोरी तिथेही लावून बघा.

यजमानांनी प्रत्यक्ष ट्रेलर चढवायचा तेव्हाच्या दोन गोष्टी मनावर घ्याव्यात असं मला कळकळीने वाटतं. पहिली, वजन वाटून देणारा हिच वापरत असाल, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या असलेला, तर त्या पट्ट्या खाली सपाट रस्त्यावरच काढा. ड्राइव्हवेच्या पायथ्याशी ट्रक आडवा आणि ट्रेलर तिरपा अशी घडी पडते, तेव्हा त्या पट्ट्यांवर भलताच ताण येतो. घर्षणाने डुलणं थांबवणारी दांडी असेल तर तीही रिव्हर्सच्या आधी काढायचीच असते.

दुसरी गोष्ट बरेच अनुभवी लोकही विसरतात. वर पोचल्यावर ट्रेलर सपाटीवर असेल, पण ट्रक उतारावर, तोंड रस्त्याकडे. पिकअपचा पार्किंग ब्रेक मागच्या चाकांवर असतो, आणि फक्त मागची चाकं ओढत असताना गिअर ‘पी’मध्ये, म्हणजे पार्कमध्ये, टाकला तर तोही मागचीच चाकं धरून ठेवतो. दांडा सोडवण्यासाठी जॅक फिरवत राहिलात आणि कपलर गोळ्याला धरून राहिला, तर जॅक ट्रकची मागची बाजू उचलू लागतो. मागच्या चाकांवरचं वजन कमी झालं की त्यांची पकड सुटते आणि ट्रक रस्त्याकडे घसरतो. म्हणून पट्ट्या आधीच काढायच्या. ट्रकच्या पुढच्या चाकांनाही रस्त्याच्या बाजूने चॉक लावायचे, फोर-व्हील ड्राइव्ह लावून मग ‘पी’मध्ये टाकायचं, म्हणजे चारही चाकं धरली जातात. ट्रेलरच्या साखळ्या सगळ्यात शेवटी काढायच्या, कपलर सुटून ट्रेलर जागचा हललेला नाही हे डोळ्यांनी बघितल्यावर. हात कपलरखाली कधीच घालायचा नाही.

बाकी, पाण्याची टाकी रिकामी ठेवून चढा. ४० गॅलन पाणी म्हणजे ३३० पौंडांहून जास्त वजन, ते वर न्यायचं काहीच कारण नाही. रिव्हर्समध्ये चढताना गिअरबॉक्स तापतो. सरळ चढणीपुरता लो रेंज, म्हणजे कमी वेगाचा पण जास्त जोराचा गिअर, लावता येतो का ते ट्रकच्या मॅन्युअलमध्ये बघा. तुम्ही बाजूला, आरशात दिसाल अशा उभ्या राहा आणि फोन चालू ठेवा. ट्रेलर आणि गॅरेज यांच्यामध्ये कुणी नको, खाली रस्त्यावर ट्रकसमोरही कुणी नको. मुलं घरात, दार बंद.

एवढं सगळं सांगून झाल्यावर माझं मत विचाराल, तर मी हा २५ फुटी ट्रेलर घेणार नाही. इसार परत मिळतो आहे तोवर डीलरला लेखी कळवून मी एकूण २० फुटांचा बघेन. २ फूट दाराशी सोडून तो तुमच्या २२ फुटांत अख्खा बसतो, जॅकचा पायही सपाटीवर येतो. शेपूट ७ फुटांच्या आसपास, म्हणजे खाली रस्ता आणि ड्राइव्हवे मिळतात तिथे १८ ऐवजी १४ इंचांचीच अडचण. वजनही हजार-दोन हजार पौंडांनी कमी. मुलांसाठी एकावर एक बिछाने असलेले, चौघांना पुरणारे ट्रेलर या लांबीत मिळतात. फक्त मॉडेलच्या नावातल्या आकड्यावर जाऊ नका. नावात १७ असतं आणि दांड्यासकट लांबी २० भरते. कपलरच्या टोकापासून मागच्या बंपरपर्यंत टेप स्वतः लावा. मोठ्या ट्रेलरमधल्या सोफ्याची हौस मला कळते. पण तो सोफा वर्षातून तीन आठवडे वापरला जाणार आणि हा चढ दर वेळी दोनदा ओलांडावा लागणार.

२५ फुटीच हवा असं दोघांचं ठरलं आणि दोरी टेकली, तर ट्रेलर सपाट जागेवरच्या भाड्याच्या स्टोरेजमध्ये ठेवा. सहलीच्या आदल्या दिवशी तो आणून घराखालच्या रस्त्यावर, ट्रकला जोडलेलाच ठेवून सामान भरा, टाउनशिपला, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाला, चालत असेल तर. त्यासाठी आधी फोन करा, आणि ड्राइव्हवेवर कायम ठेवण्याबद्दलही त्यांना आणि असेल तर एचओएला, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेला, विचारा. पत्रात याचा उल्लेख नाही म्हणून आठवण करून देतो.

सासू-सासऱ्यांचं मात्र मला मनापासून सांगायचं आहे. त्यांना घरातच झोपवा. ट्रेलर सपाटीवर नीट उभा असला तरी रात्री उठून ती अरुंद, उंच पायरी उतरायची, बाहेर अनोळखी अंधार आणि चार पावलांवर सहात एक उतार. साताऱ्याहून एवढा प्रवास करून आलेल्या माणसांना यात घालू नका. मुलांना हवं तर ट्रेलरमध्ये झोपू द्या, तुमच्यापैकी एकाने सोबत राहून, आणि आजी-आजोबांना त्यांची खोली द्या. दुपारी चहा घेऊन सगळे तिथे बसलात तर त्यांनाही आवडेल. त्या दिवसांत फ्रिज चालू ठेवणार असाल तर तो गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा जुन्या पद्धतीचा आहे का ते बघा. असा फ्रिज तिरका राहून चालला तर त्यातलं अमोनियाचं मिश्रण नळ्यांत साचतं आणि फ्रिज कायमचा बिघडतो. ट्रेलर आडवा-उभा दोन्हीकडून सपाट असल्याशिवाय तो चालू करू नका. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला असेल तर ही काळजी नाही.

आणि थंडी. तुमच्याकडे बर्फ पडायला लागायच्या आत ट्रेलर एकदा वर ठेवलात की नळ-टाक्या रिकाम्या करून, पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे सहज न गोठणारं द्रव, भरून, वसंतापर्यंत त्याला हात लावू नका. बर्फाळलेल्या सहात एक चढावर ट्रेलर हलवणं कुठल्याही चॉकच्या भरवशावर करायचं काम नाही.

दोरी लावून झाली की रस्ता आणि ड्राइव्हवे मिळतात तिथले आकडे मला कळवा, फूट-फुटाचे. सोबत ट्रेलरच्या शेपटाची उंची आणि चाकांपासून मागची लांबी. ती कागदावर मांडून मी तुम्हाला लिहीन.